एन१ म्हणजे एकच एन१ का? माणूस, डुक्कर आणि पक्षी यांच्या इन्फ्लुएन्झा विषाणूंतील न्यूरामिनिडेझची तुलना

गोदातीर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प पूर्णपणे संगणकावरचा असून इन्फ्लुएन्झा ‘ए’ विषाणूच्या पृष्ठभागावरील न्यूरामिनिडेझ (नावातील ‘एन’) या, पेशीवरील शर्करासाखळीचे टोक कापणाऱ्या विकराची (एन्झाइमची) वेगवेगळ्या यजमानांत, म्हणजे विषाणू ज्यांच्यात राहतो त्या प्राण्यांत, तुलना करणे, एवढाच त्याचा विषय आहे. सुरुवात लहान असावी म्हणून मी फक्त एन१ हा उपप्रकार घेतला आणि सार्वजनिक संग्रहातून चार क्रम, म्हणजे प्रथिनातील अमिनो आम्लांच्या ओळी, उतरवले: २००७ सालचा माणसातील हंगामी एच१एन१, २००९ च्या महासाथीतील माणसाचाच एच१एन१, युरोपातील डुकराचा एच१एन१ आणि २००६ मधील कोंबडीचा एच५एन१.

मार्गदर्शकांनी सांगितल्याप्रमाणे मी माणूस, डुक्कर आणि पक्षी असे तीन रकाने आखले. अपेक्षा अशी होती की माणसांचे दोन क्रम एकमेकांच्या जवळ येतील आणि पक्ष्याचा क्रम लांब राहील. प्रत्यक्षात २००९ चा माणसाचा क्रम डुकराच्या शेजारी जाऊन बसला, त्यानंतर कोंबडीच्या जवळ, आणि माणसाच्याच २००७ च्या क्रमापासून मात्र तो दूर राहिला. जुळवणी, म्हणजे क्रमांच्या ओळी एकमेकींखाली मांडणे, चुकली असावी असे वाटून मी ती तीन वेळा पुन्हा केली, तरी चित्र तेच आहे. शिवाय कोंबडीच्या क्रमात सुरुवातीच्या भागात सलग वीस अमिनो आम्ले गायब आहेत. सॉफ्टवेअर विचारते की रिकाम्या जागा वगळू का, आणि ‘हो’ म्हटले की तो भाग सगळ्यांच्याच क्रमातून नाहीसा होतो.

माझे प्रश्न असे आहेत. ज्याला यजमानामुळे आलेला फरक म्हणता येईल तो या विकरात नेमका कुठे शोधावा? त्याच्या क्रियास्थळात, म्हणजे जिथे प्रत्यक्ष कापाकापी होते तिथे, माणूस आणि पक्षी यांच्यात फरक असतो का? आणि त्या वीस रिकाम्या जागांचे काय करावे? साम्याची टक्केवारी देऊन तक्ता पूर्ण करता येईल, हे मला कळते. पण त्या टक्केवारीवरून काय सिद्ध होते, हे मला स्वतःलाच सांगता येत नाही.

निफाडचा पशुवैद्य

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या वीस जागा कृपया वगळू नका. तुमच्या चार क्रमांत यजमानाविषयी सर्वांत स्पष्टपणे बोलणारा पुरावा तोच आहे आणि सॉफ्टवेअर नेमका तोच पुसून टाकायला निघाले आहे.

न्यूरामिनिडेझची रचना अळंबीसारखी असते. विषाणूच्या आवरणात रुतलेले मूळ, त्यावर एक बारीक देठ आणि वर चार सारख्या घटकांचे मिळून बनलेले डोके. कापण्याचे काम डोके करते. आमच्याकडे द्राक्षाच्या घडाची विरळणी करणाऱ्या बायकांच्या हातातील कात्री पाहिली असेल, तर तीच उपमा घ्या: पाते डोक्यात आहे आणि देठ ही मूठ आहे. रानबदके आणि इतर पाणपक्षी यांच्यातील विषाणूंत ही मूठ साधारणतः पूर्ण लांबीची असते. विषाणू पाणपक्ष्यांतून कोंबड्यांत स्थिरावला की अनेकदा देठाचा तुकडा गळून जातो. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये माणसांना झालेल्या एच५एन१ मध्ये देठातील १९ अमिनो आम्ले नव्हती. त्यानंतर आशियाभर पसरलेल्या वंशात ४९ ते ६८ या वीस जागा गळालेल्या होत्या. २०१३ मध्ये चीनमध्ये माणसांना बाधणाऱ्या एच७एन९ मध्ये देठातील पाचच अमिनो आम्ले गेलेली होती. हे विषाणू एकमेकांची नक्कल करत नव्हते. वेगवेगळ्या वंशांत, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लांबीचे तुकडे गळाले आणि दिशा मात्र एकच राहिली, म्हणून याला यजमानाची खूण म्हणण्यास आधार आहे.

देठ आखूड झाला की डोके खाली जाते आणि शेजारच्या हिमॅग्लुटिनिन (नावातील ‘एच’) या पेशीला पकडणाऱ्या प्रथिनाच्या काट्यांच्या तुलनेत त्याचा हात कमी पोहोचतो. कापण्याची क्षमता पात्यात तेवढीच असली, तरी पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांपर्यंत ते पूर्वीसारखे जात नाही. कोंबडीत हे विषाणूच्या फायद्याचे ठरते, कारण तिथे हिमॅग्लुटिनिनची पकडही बहुधा सैल झालेली असते, आणि पकड सैल असताना कात्री जोरकस असेल तर विषाणू पेशीवर टिकणारच नाही. देठ आखूड असलेले विषाणू कोंबड्यांत अधिक घातक ठरतात, हे प्रयोगांतूनही दिसले आहे.

आता एक सावधगिरी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला एच५एन१ चा उद्रेक झाला, तेव्हा आमच्या भागातील पोल्ट्रीवाल्यांनी कित्येक आठवडे झोप घेतली नव्हती. त्या काळातील एच५एन१ आणि २०२१ नंतर जगभर पसरलेला एच५एन१ यांचे नाव एकच असले, तरी त्यांचा एन१ एकच नाही. मधल्या काळात एच५ चा हा वंश एन८ घेऊन फिरला, म्हणजे एच५एन८ झाला, आणि २०२० च्या सुमारास त्याने रानपक्ष्यांतील दुसऱ्याच विषाणूकडून नवा एन१ उचलला. हा नवा एन१ पूर्ण देठाचा आहे. म्हणून शक्य असेल तर अलीकडचाही एक एच५एन१ जुळवणीत घ्या. हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला उतरणाऱ्या बदकांकडे पाहताना मला नेहमी हेच आठवते की देठाची पूर्ण लांबी हे त्यांचे मूळ धन आहे आणि आखूड देठ ही आमच्या शेडमधील घडामोड आहे.

शर्करारसायन

पशुवैद्य सरांनी मुठीविषयी सांगितले आहे, मी पात्याविषयी लिहितो.

क्रियास्थळात फरक असतो का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की प्रत्यक्ष कापणाऱ्या अमिनो आम्लांत फरक नसतो. एन२ च्या क्रमांकनानुसार ११८, १५१, १५२, २२४, २७६, २९२, ३७१ आणि ४०६ या आठ जागा सियालिक आम्लाला, म्हणजे साखळीच्या टोकाच्या कापल्या जाणाऱ्या शर्करेला, थेट भिडतात, आणि एन१ ते एन९ या सर्व उपप्रकारांत, एवढेच नव्हे तर इन्फ्लुएन्झा ‘बी’ मध्येही, त्या सारख्याच राहिल्या आहेत. त्यांच्याभोवती आधार देणाऱ्या आणखी काही जागाही जवळपास तशाच आहेत. एन१ आणि एन२ यांचे संपूर्ण क्रम मांडून पाहिले तर निम्म्याच्या आसपासच किंवा त्याहूनही कमी साम्य मिळते, तरीही क्रियास्थळाच्या खाचेचा तळ तोच. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हर्गीस, लेव्हर आणि कोलमन यांनी एन२ च्या डोक्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, आणि सगळ्या विषाणूंत न बदलणारी हीच खाच पुढे झानामिव्हिर आणि ओसेल्टामिव्हिर या फ्लूच्या औषधांचे लक्ष्य ठरली. त्यामुळे तुमच्या तक्त्यात क्रियास्थळाचा रकाना सगळीकडे सारखा दिसला तर ती चूक समजू नका.

यजमानाचा ठसा खाचेच्या बाहेर शोधावा लागतो. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे सियालिक आम्लाची जोडणी. पेशीवरील शर्करासाखळीच्या टोकाला सियालिक आम्ल गॅलॅक्टोजला अल्फा-२,३ किंवा अल्फा-२,६ पद्धतीने जोडलेले असते. बदकाच्या आतड्यात पहिली जोडणी भरपूर असते, माणसाच्या श्वसनमार्गाच्या वरच्या भागात दुसरीचे प्राबल्य असते आणि डुकराच्या श्वासनलिकेत दोन्ही आढळतात. हिमॅग्लुटिनिनची पसंती यानुसार बदलते, हे पाठ्यपुस्तकात असते. न्यूरामिनिडेझची गोष्ट तितकी सरळ नाही. कोणत्याही यजमानातील घेतले तरी ते अल्फा-२,३ जोडणीच अधिक सहज तोडते. पक्ष्यांच्या विषाणूंत हा कल फार तीव्र असतो. १९५७ मध्ये पक्ष्यांकडून माणसांत आलेल्या एन२ मध्ये मात्र पुढच्या वर्षांत अल्फा-२,६ तोडण्याची क्षमता हळूहळू वाढत गेली. कल उलटला नाही, कमी झाला. ‘पक्ष्याचे विकर २,३ तोडते आणि माणसाचे २,६ तोडते’ असे वाक्य प्रबंधात लिहू नका. परीक्षकाला विषय माहीत असेल तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

दुसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते. पक्ष्यांतील न्यूरामिनिडेझच्या डोक्यावर क्रियास्थळाला लागूनच सियालिक आम्ल पकडणारी आणखी एक जागा असते. ती कापत नाही, फक्त धरते. ३७०, ४०० आणि ४३० या क्रमांकांच्या आसपासच्या तीन वळणांवरील अमिनो आम्लांनी ती बनते. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने छाटावी, तसे ही जागा शर्करासाखळी धरून ठेवते आणि शेजारचे पाते अनेक जोडण्या असलेल्या साखळीवर अधिक कार्यक्षमतेने चालते. पक्ष्यांत ही जागा निगुतीने जपलेली दिसते. विषाणू माणसांत किंवा डुकरांत रुळला की तिच्यातील अमिनो आम्ले बदलू लागतात आणि पकड जाते. तुमच्या चार क्रमांत ही तीन वळणे शेजारी शेजारी मांडून पाहा. संपूर्ण क्रमाच्या टक्केवारीत हे चार-पाच बदल दिसतही नाहीत, पण यजमानाविषयी ते बाकीच्या शंभर बदलांपेक्षा अधिक सांगतात.

हे सगळे का घडते, याचे उत्तर न्यूरामिनिडेझमध्ये एकट्यात मिळणार नाही. एका विषाणूकणावर ढोबळमानाने हिमॅग्लुटिनिनचे तीनशेच्या आसपास काटे असतात आणि न्यूरामिनिडेझचे चाळीस-पन्नास. पहिले प्रथिन पेशीला धरते, दुसरे सोडवते. श्वसनमार्गातील चिकट स्रावातही सियालिक आम्ल लावलेल्या साखळ्या असतात आणि त्या विषाणूला वाटेतच अडकवतात. तिथून सुटण्यासाठी कात्री लागते. पेशीत शिरण्यासाठी पकड लागते आणि नवे कण बाहेर पडताना पुन्हा कात्री लागते. या दोघांचा तोल प्रत्येक यजमानात वेगळ्या ठिकाणी साधावा लागतो. देठ आखूड होणे, दुसरी जागा जाणे, अल्फा-२,६ ची क्षमता वाढणे, या तिन्ही गोष्टी त्या तोलाच्याच वेगवेगळ्या दुरुस्त्या आहेत. म्हणून प्रत्येक न्यूरामिनिडेझबरोबर त्याच विषाणूचे हिमॅग्लुटिनिनही उतरवून ठेवा, निदान कोणत्या एच बरोबर तो एन होता याची नोंद तरी ठेवा.

प्रयोगांचे निबंध वाचताना कसोटी कोणती वापरली, तेही पाहा. नेहमीच्या चमक मोजणाऱ्या कसोटीत सियालिक आम्लाला एक लहानसा रेणू जोडलेला असतो आणि तो सुटला की चमकतो. त्यात २,३ आणि २,६ हा भेदच नसतो, आणि रेणू इतका लहान असतो की देठाची लांबी किंवा दुसरी जागा यांचाही फारसा परिणाम दिसत नाही. वासराच्या रक्तद्रवातील फेट्युइन या मोठ्या प्रथिनावर विकर चालवून उघडे पडलेले गॅलॅक्टोज शेंगदाण्यातील लेक्टिन या शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनाने मोजण्याची कसोटी त्या मानाने वास्तवाच्या जवळ जाते. भुईमुगाचा दाणा फ्लूच्या प्रयोगशाळेत कामाला येतो, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांना थट्टा वाटते.

गोदातीर

दोघांचेही मनापासून आभार. वीस जागा परत आणल्या आहेत आणि तीन वळणांचा वेगळा तक्ता करत आहे. तीन शंका उरल्या.

एक, ओसेल्टामिव्हिरला दाद न देणारा बदल काही निबंधांत २७४ व्या जागी दिला आहे आणि काहींत २७५ व्या. हे दोन वेगळे बदल आहेत का? दोन, २००९ चा माणसाचा क्रम २००७ च्या माणसाच्या क्रमापासून दूर का, याचे उत्तर अजून माझ्या हाती आलेले नाही. तीन, वटवाघळांतील एन१० आणि एन११ या तुलनेत घ्यावेत का?

वंशवृक्षवाला

पहिली शंका पटकन मिटवतो. बदल एकच आहे: हिस्टिडीनच्या जागी टायरोसीन. एन२ च्या क्रमांकनात ती जागा २७४ आणि एन१ च्या स्वतःच्या क्रमांकनात २७५. वर दिलेले क्रियास्थळाचे आकडेही एन२ चेच आहेत, हे लक्षात ठेवून तुमच्या एन१ वर ते मोजा. आणि कोंबडीच्या क्रमात वीस जागा कमी असल्यामुळे तिथे सरळ मोजत गेलात तर आणखी वीसने चुकाल. जुळवणीच्या वर एन२ चा एक संदर्भक्रम ठेवून त्याचेच आकडे सगळ्यांना लावणे सर्वांत सुरक्षित. हा बदल यजमानाचा नव्हे, हेही नोंदवा. २००७-०८ च्या हंगामात तो माणसांच्या एच१एन१ मध्ये पसरला, आणि तोही औषधाचा वापर कमी असलेल्या भागांत; कारण इतरत्र आधीच झालेल्या काही बदलांनी त्याचे नुकसान भरून काढले होते. एन२ मध्ये त्याच औषधाला चुकवणारे बदल ११९ आणि २९२ या जागी दिसतात. औषध एकच, खाच तीच, पण भोवतालचे प्रथिन वेगळे असल्यामुळे पळवाट वेगळी.

दुसरी शंका हाच तुमच्या प्रकल्पाचा गाभा आहे. तुमची जुळवणी बरोबर आहे, रकाने चुकले आहेत. २००७ चा हंगामी एन१ हा १९१८ च्या महासाथीतील विषाणूचा वंशज आहे. तो माणसांत १९५७ पर्यंत फिरला, त्या वर्षी एच२एन२ आल्यावर नाहीसा झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा अवतरला. २००९ च्या विषाणूचा एन१ मात्र त्याचा वंशज नाही. तो युरोप-आशियातील डुकरांकडून आला, आणि त्या डुकरांना तो १९७९ च्या सुमारास पक्ष्यांकडून मिळाला होता. म्हणजे २००९ च्या माणसाच्या एन१ ने पक्षी सोडून जेमतेम तीस वर्षे झाली होती, तर २००७ च्या एन१ ने नव्वद. तो कोंबडीच्या जवळ बसणार नाही तर काय होईल? त्याच विषाणूचे हिमॅग्लुटिनिन उत्तर अमेरिकेतील डुकरांच्या जुन्या वंशातून आले आहे, म्हणून तेच काम हिमॅग्लुटिनिनवर केलेत तर वृक्ष निराळा दिसेल. या विषाणूची आठ जनुके आठ वेगळ्या तुकड्यांवर असतात, आणि प्रत्येक तुकड्याचा कुळवृत्तांत वेगळा असू शकतो.

याचा व्यवहारातही अर्थ आहे. २००९ नंतर ज्यांना हा फ्लू होऊन गेला, त्यांच्या रक्तातील एन१ विरुद्धची प्रतिपिंडे एच५एन१ च्या एन१ ला काही अंशी ओळखतात. एच५एन१ च्या एन१ शी २००७ च्या एन१ पेक्षा २००९ च्या एन१ चे नाते जवळचे आहे, आणि ते यजमानाच्या नव्हे तर वंशाच्या जवळिकीने आले आहे. १९६८ मध्ये हिमॅग्लुटिनिन बदलून एच३ आले तरी एन२ आधीचाच राहिला होता, आणि त्या महासाथीचा जोर तुलनेने कमी राहण्यामागे हे एक कारण मानले जाते.

म्हणून आधी वंशवृक्ष काढा, मग प्रत्येक फांदीवर विषाणूने यजमान कुठे बदलला ते खूण करून ठेवा, आणि त्या वळणानंतर कोणत्या जागा बदलल्या ते पाहा. एखादा बदल एकाच वळणानंतर दिसला तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. तोच बदल, किंवा त्याच जागेचा बदल, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन वळणांनंतर दिसला तर यजमानाचा हात आहे असे म्हणता येते. पशुवैद्यांनी देठाविषयी हाच तर्क वापरला आहे. यासाठी चार क्रम पुरणार नाहीत. प्रत्येक वंशातून निदान दहा-पंधरा घ्या, आणि एकाच देशाचे, एकाच वर्षाचे शेकडो क्रम ओतू नका.

दोन खड्डे आधीच दाखवून ठेवतो. १९५७ ते १९७७ ही वीस वर्षे माणसांच्या एन१ च्या फांदीवर जणू गोठलेली आहेत, कारण १९७७ चा विषाणू १९५० च्या सुमाराच्या विषाणूशी फारच मिळताजुळता होता. दर वर्षी इतके बदल, असा हिशोब लावणारे सॉफ्टवेअर तिथे फसते. दुसरा खड्डा प्रयोगशाळेचा. विषाणू कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवले की एच३एन२ च्या एन२ मध्ये १५१ व्या जागी बदल उगवतो आणि न्यूरामिनिडेझ कापण्याऐवजी चक्क धरू लागते. तो रुग्णाच्या शरीरातला बदल नसून भांड्यातला असतो. क्रमाच्या नोंदीत विषाणू कशावर आणि किती वेळा वाढवला हे दिलेले असते. शक्यतो थेट नमुन्यातून वाचलेले क्रम निवडा.

वटवाघळांचे एन१० आणि एन११ तुलनेत घेऊ नका, पण एका परिच्छेदात त्यांचा उल्लेख जरूर करा. २०१२ मध्ये ग्वाटेमालातील आणि २०१३ मध्ये पेरूतील वटवाघळांत ते सापडल्याचे प्रसिद्ध झाले. घडण न्यूरामिनिडेझसारखीच, पण क्रियास्थळातील ती जपलेली अमिनो आम्ले तिथे नाहीत आणि सियालिक आम्ल कापण्याचे काम हे प्रथिन करत नाही. त्यांचे हिमॅग्लुटिनिनही सियालिक आम्लाऐवजी पेशीवरील एमएचसी वर्ग-२ या प्रथिनाला पकडते. पकडच तिथे नाही म्हटल्यावर कात्रीचे काय काम?

रविवार कारंजा

मी औषधविक्रेता आहे, चर्चा शांतपणे वाचत होतो. ओसेल्टामिव्हिर मसाल्यातील चक्रफुलापासून बनते असे ऐकले आहे. साथीच्या दिवसांत काही ग्राहक चक्रफुलाचा काढा घेतला तर चालेल का, असे विचारतात. त्यांना काय सांगावे?

शर्करारसायन

चालणार नाही, असे सांगावे. चक्रफुलात शिकिमिक आम्ल असते आणि ओसेल्टामिव्हिरच्या उत्पादनात ते कच्चा माल म्हणून वापरले गेले आहे. त्यापासून औषध बनवायला अनेक रासायनिक पायऱ्या लागतात. मूळ शिकिमिक आम्ल न्यूरामिनिडेझच्या खाचेत बसून तिला रोखत नाही. गोड्या मसाल्यात ते चवीला उत्तम आहे, तिथेच राहू द्यावे. औषध मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास त्याचा उपयोग अधिक होतो.

निफाडचा पशुवैद्य

कात्रीचे काम डोळ्यांनी पाहायचे असेल, तर ताई, रक्तपेशी एकमेकींना चिकटवण्याची आमची साधी कसोटी आठवा. कोंबडीच्या तांबड्या पेशींत विषाणू मिसळला की त्या एकमेकींना चिकटून जाळीसारख्या पसरतात. विषाणू नसेल तर तळाशी गोल बटण पडते. ही प्लेट उबदार खोलीत ठेवून उशिरा वाचली की काही विषाणूंच्या बाबतीत जाळी मोडून बटण पडलेले दिसते, कारण तोवर न्यूरामिनिडेझने पकड कापून टाकलेली असते. शिकाऊ असताना मी एकदा असा नमुना नकारार्थी लिहून मोकळा झालो होतो. जॉर्ज हर्स्ट यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच पाहिले होते; आपण जिला चूक म्हणून प्लेट फेकतो, तिच्यातून त्यांनी विषाणूवर विकर असल्याचे ओळखले.

आणखी एक उपयोग, कारण तुमच्या प्रस्तावनेत तो शोभेल. इटलीत एच७एन१ च्या साथीनंतर पाळीव पक्ष्यांना एच७एन३ ची लस दिली गेली. एच सारखा असल्यामुळे संरक्षण मिळाले आणि एन वेगळा असल्यामुळे रक्ततपासणीत एन१ विरुद्धची प्रतिपिंडे दिसली की तो पक्षी लसीमुळे नव्हे तर प्रत्यक्ष संसर्गामुळे सकारात्मक आला, हे कळू लागले.

गोदातीर

नवा वृक्ष काढला. २००६ च्या आणि २०२१ नंतरच्या कोंबडीच्या एच५एन१ चे एन१ खरोखरच दोन वेगळ्या फांद्यांवर गेले आहेत. एकात वीस जागा रिकाम्या, दुसऱ्यात भरलेल्या. मार्गदर्शकांनाही दाखवले आणि त्यांनी रकान्यांचा आग्रह सोडला आहे. आता क्रमांच्या नावातील यजमान वाचून फांद्यांना रंग देत आहे: माणूस लाल, डुक्कर हिरवा, पक्षी निळा, इतर सस्तन प्राणी पिवळा.

वंशवृक्षवाला

पिवळा रंग देताना थांबा. नावातील यजमान म्हणजे नमुना ज्याच्या अंगातून घेतला तो प्राणी; विषाणू त्या प्राण्यांत किती पिढ्या राहिला, हे त्यातून कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ निघाला. अशा घटनांतील क्रम संग्रहात ‘वाघ’ म्हणून नोंदले जातात, पण विषाणू त्या प्राण्यात काही दिवसच असतो आणि त्याचा एन१ जवळपास सर्वस्वी पक्ष्याचाच राहतो. उलट २०२४ पासून अमेरिकेतील दुभत्या गायींत एच५एन१ गायीकडून गायीकडे पसरत राहिला आहे, तेव्हा तिथला ‘गाय’ हा शब्द निराळ्या वजनाचा आहे. वृक्षावर त्याच प्राण्याचे अनेक क्रम एकत्र येऊन स्वतंत्र फांदी करत असतील तरच पिवळा रंग द्या. एकटेदुकटे पान निळ्या फांदीवर लटकत असेल तर ते निळेच ठेवा आणि तळटीपेत प्राण्याचे नाव लिहा.